जुन्या मॅकबुकवर नवी मॅकओएस टाकली आणि वायफाय गेलं? ड्रायव्हर व परवानग्या ताळ्यावर आणण्यासाठी मार्गदर्शक

2017 चं मॅकबुक एअर अजून कितीतरी घरांत रोज उघडलं जातं. बॅटरी बदलून मिळते, कीबोर्ड चांगला आहे, वजन कमी आहे. पण ॲपलने या मॉडेलला मॉन्टेरीवर, म्हणजे मॅकओएस 12 वर थांबवलं आणि मॉन्टेरीला शेवटचं सुरक्षा अपडेट जुलै 2024 मध्ये मिळालं. 2012 च्या मॅकबुक प्रोची गाडी तर कॅटालिनावरच अडली. त्यामुळे अनेक जण 'ओपनकोअर लेगसी पॅचर' हे मोफत आणि खुलं साधन वापरून अशा मशीनवर सोनोमा (14) किंवा सिक्वोया (15) टाकतात. ॲपलची याला मान्यता नाही, पण मशीन ॲपलचंच असतं. साध्या पीसीवर मॅकओएस चढवण्यापेक्षा हे बरंच सरळ काम आहे.

अडचण इन्स्टॉल झाल्यावर सुरू होते. डेस्कटॉप दिसतो, पण वायफाय नसतं. वायफाय आलं तर व्हिडिओ कॉलमध्ये कॅमेरा चालत नाही. कॅमेरा चालला तर घरातला प्रिंटर सापडत नाही. घरच्या एअरवर आणि ओळखीच्यांच्या काही मशीनवर हे काम करताना माझ्या एक लक्षात आलं: माणसं खालून वर तपासत येत नाहीत, म्हणून वेळ जातो. थेट राउटर रिसेट करतात, नाहीतर आख्खी सिस्टिम पुन्हा टाकतात. खरं तर क्रम ठरलेला आहे. आधी कार्ड, मग ओपनकोअर (मॅक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा पॅचरचा प्रोग्रॅम), मग रूट पॅच, मग नेटवर्क सेटिंग आणि सगळ्यात शेवटी परवानग्या. खालच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

आधी हे समजून घ्या: वायफाय जातं कुठे?

2023 च्या सोनोमामधून ॲपलने साधारण 2013 ते 2017 या काळातल्या मॅकमधल्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचा आधार काढून टाकला. तुमचं कार्ड बिघडलेलं नसतं. नव्या सिस्टिममध्ये त्याच्याशी बोलणारा कोडच उरलेला नसतो.

पॅचर तो कोड दोन ठिकाणी परत ठेवतो. पहिला भाग ड्रायव्हरचा, ज्याला मॅकच्या जगात 'केक्स्ट' म्हणतात. तो डिस्कवरच्या ईएफआय या छोट्या विभागात असतो आणि मॅक सुरू होताना ओपनकोअर तो स्मृतीत चढवतं. दुसरा भाग खुद्द सिस्टिमच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे मॅकओएस असलेल्या डिस्कच्या भागावर असतो. वायफाय सांभाळणारे पार्श्वभूमीतले प्रोग्रॅम आणि फ्रेमवर्क यांच्या जुन्या आवृत्त्या तिथे बसवाव्या लागतात. या दुसऱ्या भागाला 'रूट पॅच' म्हणतात.

दोन्ही भाग हजर असतील तरच वायफाय चालतं. ओपनकोअर आहे पण रूट पॅच नाहीत, तर वायफाय नाही. रूट पॅच आहेत पण ओपनकोअर चुकीच्या मॉडेलसाठी बांधलं आहे, तरीही नाही. पुढचं बहुतेक निदान याच दोन वाक्यांवर उभं आहे.

काय काय लागेल

- 32 जीबीचा पेनड्राइव्ह. आतलं सगळं पुसलं जाणार आहे हे धरून चाला.
- यूएसबी ते ईथरनेट अडॅप्टर आणि लॅन केबल, किंवा आयफोन आणि त्याची डेटा केबल.
- बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क.
- पॅचरची ताजी आवृत्ती. ती प्रकल्पाच्या स्वतःच्या गिटहब पानावरूनच घ्या. डोर्टानिया हा गट ते साधन सांभाळतो. साधन फुकट आहे, त्यामुळे कुणी पैसे मागत असेल तर तिथून उतरवू नका.
- ॲडमिन खातं आणि त्याचा पासवर्ड. पासवर्ड रिकामा ठेवलेला असेल तर आधी नवा ठेवा, कारण रिकाम्या पासवर्डवर सिस्टिम बदलण्याची परवानगी नीट मिळत नाही.
- चार्जर. पॅच लागत असताना वीज गेली आणि बॅटरी थकलेली असेल तर काम अर्धवट राहतं.

मोबाइल डेटाचं गणित आधी मांडा. सिक्वोयाचा इन्स्टॉलर 14 जीबीच्या आसपास असतो. रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर तो उतरणार नाही. ब्रॉडबँड असलेल्या घरी बसून हे काम करा.

1. मॉडेल लिहून घ्या आणि बॅकअप काढा

ऑप्शन की दाबून ॲपल मेनू उघडा, म्हणजे 'सिस्टिम इन्फर्मेशन' दिसेल. तिथे 'मॉडेल आयडेंटिफायर' लिहिलेला असतो. 13 इंची एअर 2015 आणि 2017 दोन्हींचा आयडेंटिफायर 'मॅकबुकएअर7,2' हाच आहे, त्यामुळे दोघांनाही तेच पॅच लागतात.

त्याच खिडकीत 'नेटवर्क' खाली 'वायफाय' उघडा आणि 'कार्ड टाइप' समोरचा आकडा टिपून घ्या. त्यात '14ई4' असेल तर कार्ड ब्रॉडकॉमचं. '168सी' असेल तर अथेरॉसचं, आणि हे फार जुन्या मशीनमध्ये सापडतं. जुनी सिस्टिम चालू असतानाच हे लिहून ठेवा, नंतर वायफाय गेल्यावर तिथे काहीच दिसणार नाही.

बॅकअप टाइम मशीनने काढा. फोटो आणि कागदपत्रं त्याशिवाय हातानेही वेगळी ठेवा.

2. नेटची दुसरी वाट आधी तयार करा

या लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा. वायफायचे पॅच लागण्याआधी वायफाय नसणार, आणि काही मशीनना पॅच लावण्यासाठी ॲपलचं 'कर्नल डीबग किट' किंवा ग्राफिक्सचं जादा पॅकेज नेटवरून उतरवावं लागतं. म्हणून केबलने नेट मिळण्याची सोय हवी.

ईथरनेट अडॅप्टर घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, तोंड कोणतं आहे. एअर 2017 ला साधे यूएसबी-ए पोर्ट आहेत. हल्ली दुकानात पुढे केले जातात ते बरेच अडॅप्टर यूएसबी-सीचे असतात. दुसरी, आतली चिप. रिअलटेकची आरटीएल 8153 चिप असलेला अडॅप्टर मॅकवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जात असाल तर चिपचा क्रमांक सांगूनच मागा. 'मॅकला चालेल' एवढ्या आश्वासनावर घेऊ नका. मिड 2012 च्या 13 इंची मॅकबुक प्रोला लॅनचा जॅक अंगचाच आहे, त्यामुळे तिथे अडॅप्टरचा खर्च नाही.

आयफोन असेल तर तो केबलने जोडा, 'पर्सनल हॉटस्पॉट' सुरू करा आणि फोनवर येणारा 'ट्रस्ट'चा प्रश्न मान्य करा. मॅकच्या नेटवर्क यादीत तो आपोआप येतो. अँड्रॉइडचं तसं नाही. बहुतेक अँड्रॉइड फोन यूएसबी टेदरिंगसाठी जी पद्धत वापरतात ती मॅकओएसला मुळातच येत नाही. त्यासाठी मिळणारे जुने केक्स्ट नव्या सिस्टिमवर भरवशाचे नाहीत. अँड्रॉइडवाल्यांनी ईथरनेट अडॅप्टरच घ्यावा.

दोन-तीनशे रुपयांच्या यूएसबी वायफाय डोंगलच्या नादी लागू नका. त्यांना बाहेरचा ड्रायव्हर लागतो आणि आधीच पॅच केलेल्या सिस्टिमवर आणखी एक परका केक्स्ट बसवला की दोष कुणाचा हे शोधणं दुप्पट अवघड होतं.

वाट तयार झाली की जुन्या सिस्टिमवरच तपासून बघा. वायफाय बंद करा, केबल लावा आणि एखादं पान उघडा.

3. इन्स्टॉलर बनवताना योग्य मॉडेल निवडा

पॅचरमध्ये 'क्रिएट मॅकओएस इन्स्टॉलर' वापरून पेनड्राइव्ह बनवता येतो. पेनड्राइव्ह त्याच मॅकवर बनवत असाल तर चिंता नाही. पण बरेच जण मित्राच्या मॅकवर बनवतात आणि तिथे गफलत होते. पॅचर ओपनकोअर बांधताना समोरच्याच मशीनचं मॉडेल गृहीत धरतो. सेटिंग्जमध्ये जाऊन 'टार्गेट मॉडेल' बदला, पायरी 1 मध्ये लिहिलेला आयडेंटिफायर निवडा आणि मगच 'बिल्ड अँड इन्स्टॉल ओपनकोअर' दाबा. मॉडेल बरोबर असेल तर इन्स्टॉल संपल्यावर रूट पॅच आपोआप लावण्याचा प्रयत्नही पॅचर करतो.

आवृत्ती 2.0 पासून पॅचर पीकेजी, म्हणजे इन्स्टॉलर फाइलच्या रूपात मिळतो आणि सोबत एक सहायक प्रोग्रॅम बसवतो. सिस्टिम बदलण्याचा अधिकार त्या सहायकाकडे असतो. त्यामुळे दुसऱ्या मॅकवरून नुसतं ॲप ओढून आणू नका, पीकेजीनेच बसवा. 'परवानगी नाही' अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं.

इन्स्टॉल करताना वायफाय निवडायला सांगितलं आणि यादी रिकामी दिसली तर 'संगणक इंटरनेटशी जोडलेला नाही' हा पर्याय घेऊन पुढे जा. ॲपल आयडी नंतर टाकता येतो.

4. ओपनकोअर आतल्या डिस्कवर न्या

पेनड्राइव्हवरच्या ओपनकोअरने मॅक सुरू होतो म्हणून बरेच जण इथेच थांबतात. पेनड्राइव्ह काढला की पडद्यावर तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ येतं. नव्या सिस्टिममध्ये पॅचर उघडा, पुन्हा 'बिल्ड अँड इन्स्टॉल ओपनकोअर' करा आणि यावेळी आतली डिस्क निवडा.

मग पेनड्राइव्ह काढा आणि ऑप्शन की दाबून मॅक सुरू करा. 'ईएफआय बूट' असं नाव असलेलं चिन्ह दिसेल. ते निवडताना कंट्रोल की धरून एंटर दाबा, म्हणजे तीच कायमची निवड होते.

5. रूट पॅच लावा

पॅचरमध्ये 'पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच' उघडा. तुमच्या मशीनला लागणाऱ्या पॅचची यादी येते. एअर 2017 वर ग्राफिक्ससाठी 'इंटेल ब्रॉडवेल' आणि नेटवर्किंगसाठी 'मॉडर्न वायरलेस' दिसायला हवं. 2012 च्या आसपासच्या मशीनवर 'लेगसी वायरलेस' दिसेल. ही यादी नीट वाचा. नेटवर्किंगची ओळच नसेल तर पॅचरला कार्ड दिसत नाहीये. अशा वेळी पुढे जाण्याऐवजी पायरी 6 बघा.

'स्टार्ट रूट पॅचिंग' दाबा, पासवर्ड द्या, संपलं की रीस्टार्ट करा. केबलने नेट जोडलेलं असेल तर सगळं एका फेरीत होतं. नेटच नसेल तर पॅचर आधी फक्त नेटवर्कचे पॅच लावू देतो. रीस्टार्टनंतर वायफाय आलं की त्याच पानावर परत येऊन उरलेले लावायचे. इथे अनेक जण पहिल्या फेरीनंतर थांबतात, कारण वायफाय आलेलं असतं. मग खिडक्या अडखळत सरकतात आणि मशीन म्हातारं झालं असा समज होतो. ग्राफिक्सचे पॅच बाकी राहिलेले असतात, एवढंच.

6. तरीही वायफाय नाही: कार्ड की पॅच?

वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर 'नो हार्डवेअर इन्स्टॉल्ड' असा मजकूर दिसला की पोटात गोळा येतो. हा मजकूर खरंच कार्ड मेल्यावरही येतो आणि नुसते पॅच नसल्यावरही येतो. दोन्ही वेगळे काढायचा खात्रीचा उपाय मॅकमध्येच आहे आणि फार थोडे जण तो वापरतात.

मॅक बंद करा. कमांड, ऑप्शन आणि आर या तीन की दाबून सुरू करा. पृथ्वीगोल फिरताना दिसेल आणि वायफायचं नाव विचारलं जाईल. ही इंटरनेट रिकव्हरी डिस्कवरच्या सिस्टिमवर अवलंबून नसते. तिथलं वायफाय मॅकच्या फर्मवेअरमधून, म्हणजे मशीनच्या चिपमध्येच असलेल्या प्रोग्रॅममधून चालतं. यादीत तुमचं किंवा शेजाऱ्यांचं नेटवर्क दिसलं तर कार्ड आणि अँटेना धडधाकट आहेत. लगेच पॉवर बटण धरून मॅक बंद करा, पुढे काही इन्स्टॉल करायचं नाही. यादी रिकामीच राहिली आणि मोबाइलला मात्र तिथेच नेटवर्क दिसत असेल, तर दोष हार्डवेअरचा असण्याची शक्यता मोठी. पाणी सांडलेल्या किंवा बॅटरी बदलताना उघडलेल्या मशीनमध्ये कार्डाची जोडणी सैल असू शकते. ते काम दुरुस्तीवाल्याचं, पॅचरचं नाही.

कार्ड चांगलं असेल तर हा क्रम धरा.

पहिलं, पॅचरची आवृत्ती ताजी करा आणि ओपनकोअर पुन्हा आतल्या डिस्कवर बांधा. इन्स्टॉल करताना जुना पॅचर वापरला आणि नंतर फक्त ॲप नवं केलं, तर ईएफआयमधले केक्स्ट जुनेच राहतात.

दुसरं, रूट पॅचच्या पानावर 'रिव्हर्ट रूट पॅचेस' करा. सिस्टिमचं व्हॉल्यूम ॲपलच्या मूळ प्रतीवर परत जातं. तुमच्या फाइली वेगळ्या व्हॉल्यूमवर असतात, त्यांना धक्का लागत नाही. रीस्टार्ट करून पॅच पुन्हा लावा.

तिसरं, एसएमसी रिसेट. एसएमसी म्हणजे वीज, बॅटरी वगैरे सांभाळणारी चिप. एअर 2017 सारख्या मशीनवर मॅक बंद असताना डावीकडच्या शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन आणि पॉवर बटण एकत्र 10 सेकंद धरायचं, सोडायचं आणि नेहमीसारखं सुरू करायचं.

चौथं आणि शेवटचं, एनव्हीरॅम रिसेट. एनव्हीरॅम म्हणजे मॅक सुरू होतानाच्या सेटिंग साठवणारी छोटी स्मृती. ओपनकोअरच्या निवड पडद्यावर स्पेसबार दाबला की 'रिसेट एनव्हीरॅम' दिसतं. याने सुरुवातीची निवडही पुसली जाते. नंतर पायरी 4 प्रमाणे ऑप्शन की धरून 'ईएफआय बूट' परत निवडावं लागतं. हे माहीत नसेल तर रेघेचं वर्तुळ बघून माणूस घाबरतो.

7. वायफाय जोडलंय, पण नेट चालत नाही

आधी तारीख बघा. पूर्ण उतरलेली बॅटरी असलेल्या जुन्या मॅकवर घड्याळ मागे पडलेलं असतं आणि मग कोणतीही सुरक्षित साइट उघडत नाही. इन्स्टॉलर 'डॅमेज्ड' आहे असा संदेशही अनेकदा याच कारणाने येतो.

तारीख बरोबर असेल तर जुन्या सिस्टिममधून आलेली नेटवर्क सेटिंग बाजूला ठेवा. 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क' उघडा, तळाच्या ठिपक्यांच्या मेनूतून 'लोकेशन्स' आणि मग 'एडिट लोकेशन्स' घ्या, अधिकचं चिन्ह दाबून नवं लोकेशन तयार करा. पाटी कोरी होते. जुनं लोकेशन तसंच राहतं, त्यामुळे वाटल्यास परत जाता येतं. सिस्टिमच्या फोल्डरमधल्या फाइली हाताने काढून टाकण्यापेक्षा हे सुरक्षित आहे.

जुना अँटीव्हायरस किंवा व्हीपीएन असेल तर 'लॉगिन आयटम्स अँड एक्स्टेन्शन्स'मध्ये त्याचं नेटवर्क एक्स्टेन्शन बंद करून बघा. सिक्वोया 15.0 मध्ये अशा सुरक्षा सॉफ्टवेअरचे नेटवर्कशी खटके उडत होते आणि 15.0.1 मध्ये ॲपलने ते सुधारले. म्हणून 15.0 वर अडकून राहू नका.

2012 च्या काळातली कार्डं डब्ल्यूपीए 3 ही वायफाय सुरक्षेची नवी पद्धत ओळखत नाहीत. राउटर फक्त डब्ल्यूपीए 3 वर असेल तर तो डब्ल्यूपीए 2 किंवा मिश्र पर्यायावर आणा.

8. ॲपच्या परवानग्या: कॅमेरा, माइक, प्रिंटर

इथे पॅचरमुळे येणारे अडथळे आणि ॲपलनेच घातलेली बंधनं एकमेकांत मिसळतात. ती वेगळी ओळखता आली की निम्मा त्रास संपतो.

कॅमेरा-माइकचा प्रश्न पॅचरच्या बाजूचा असू शकतो. रूट पॅच चालावेत म्हणून पूर्वी 'एएमएफआय' नावाची सुरक्षा यंत्रणा पूर्ण बंद ठेवावी लागे. ती बंद असली की ॲपने कॅमेरा मागितला तरी परवानगीची खिडकी येतच नसे आणि सेटिंगच्या यादीत ॲपचं नावही दिसत नसे. नंतर पॅचरमध्ये 'एएमएफआयपास' हा केक्स्ट आला आणि यंत्रणा चालू ठेवूनही पॅच चालू लागले. तेव्हा खिडकी येत नसेल तर पहिला उपाय हाच की नव्या पॅचरने ओपनकोअर पुन्हा बांधा आणि रीस्टार्ट करा. जुन्या व्हिडिओंमध्ये सांगितलेल्या एएमएफआय बंद करण्याच्या आज्ञा कुठे टाकल्या असतील तर त्या काढा.

तेवढ्याने भागलं नाही तर परवानग्यांची नोंद पुसता येते. टर्मिनल (आज्ञा टाइप करायचं ॲप) उघडून टीसीसीयुटिल, रिसेट आणि कॅमेरा हे तीन शब्द रोमन लिपीत, मध्ये एकेक जागा सोडून टाइप करा. पहिले दोन पूर्ण लहान अक्षरांत, कॅमेराचं पहिलं अक्षर मोठं. माइकसाठी शेवटचा शब्द मायक्रोफोन. याने सगळ्याच ॲपची त्या प्रकारची परवानगी पुसली जाते आणि प्रत्येक ॲप नव्याने विचारतं.

प्रिंटर, घरातली नेटवर्क डिस्क किंवा टीव्ही सापडत नसेल तर गोष्ट वेगळी. सिक्वोयापासून ॲपलने मॅकवरही 'लोकल नेटवर्क' ही परवानगी आणली. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये जाऊन 'लोकल नेटवर्क' उघडा आणि त्या ॲपसमोरचं बटण चालू आहे का बघा. चालू असूनही सापडत नसेल तर बंद करून पुन्हा चालू करा आणि मॅक रीस्टार्ट करा. इंटरनेट व्यवस्थित चालतं पण घरातली उपकरणं दिसत नाहीत, ही या परवानगीची खूण आहे. अशा वेळी रूट पॅच परत लावण्यात काही अर्थ नाही.

बाहेरून उतरवलेलं ॲप उघडत नाही, हेही ॲपलचंच. पूर्वी कंट्रोल धरून क्लिक केलं की 'ओपन'चा पर्याय यायचा, सिक्वोयाने तो बंद केला. आता एकदा ॲप उघडायचा प्रयत्न करायचा, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'च्या पानावर खाली जाऊन 'ओपन एनीवे' दाबायचं. पडदा रेकॉर्ड करणाऱ्या ॲपची परवानगी अधूनमधून पुन्हा विचारली जाते, तीही नव्या मॅकवर तशीच विचारली जाते.

एक कडक सूचना. 'सिप' ही सिस्टिमचं रक्षण करणारी व्यवस्था पॅचर गरजेपुरती शिथिल करतो. कुठेतरी वाचून रिकव्हरीतून ती पूर्ण चालू करू नका. रूट पॅच लागलेले असताना ती पूर्ण चालू केली तर मॅक सुरूच होत नाही. चालू करायचीच असेल तर आधी पॅच काढावे लागतात, आणि मग वायफायही जातं. कमी झालेलं हे संरक्षण तुमच्या कामाला चालणार आहे का, याचा विचार इन्स्टॉलच्या आधीच करा. कंपनीने दिलेल्या किंवा कंपनीच्या नियंत्रणाखालच्या मॅकवर हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

9. फाइलींच्या परवानग्या

जुन्या बॅकअपमधून आणलेलं फोल्डर उघडताना 'परवानगी नाही' आलं तर त्यावर 'गेट इन्फो' करा. खाली 'शेअरिंग अँड परमिशन्स'मध्ये कुलूप उघडा, तुमचं खातं जोडा, 'रीड अँड राइट' द्या आणि मेनूतून 'अप्लाय टू एन्क्लोज्ड आयटम्स' घ्या. हे फक्त त्या फोल्डरवर करायचं. आख्ख्या डिस्कवर कधीच नाही.

बाहेरच्या मॅक-फॉरमॅटच्या डिस्कवर तोच त्रास असेल तर डिस्कच्या 'गेट इन्फो'मध्ये 'इग्नोर ओनरशिप' वर खूण करा, काम होतं. डिस्क वाचता येते पण तिच्यावर लिहिता येत नाही, असं असेल तर फॉरमॅट बघा. विंडोजवर बनवलेल्या एनटीएफएस डिस्कवर मॅकला फक्त वाचता येतं. दोन्हीकडे वापरायची असेल तर आतलं बाजूला काढून ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

'डिस्क युटिलिटीमधून रिपेअर परमिशन्स करा' हा सल्ला अजून फिरतो. ते बटण ॲपलने 2015 च्या एल कॅपिटानमध्येच काढलं. टर्मिनलमधून सगळ्या फोल्डरना 777, म्हणजे कुणालाही काहीही करता येईल अशी परवानगी देण्याचा सल्ला तर त्याहून वाईट. घराचं प्रत्येक दार कुलूप काढून उघडं टाकण्यासारखं ते आहे, आणि त्यानंतर कुठल्या फाइलला मुळात कोणती परवानगी होती हे परत लावता येत नाही.

10. अपडेटच्या दिवशी

मॅकओएसचं प्रत्येक अपडेट सिस्टिमचं व्हॉल्यूम नव्याने लिहितं, म्हणजे रूट पॅच जातात. अपडेटनंतर वायफाय नसणं आणि पडदा अडखळणं अपेक्षितच आहे. पॅच केलेल्या मॅकवर व्हॉल्यूमची मूळ मोहोर तुटलेली असल्यामुळे छोटं अपडेटही पूर्ण आकाराचं, कित्येक जीबीचं उतरतं.

म्हणून 'ऑटोमॅटिक अपडेट्स' बंद ठेवा. नवं अपडेट आलं की आधी पॅचर ताजा करा, ओपनकोअर पुन्हा बांधा, रीस्टार्ट करा, मग मॅकओएस अपडेट करा, आणि शेवटी रूट पॅच लावा. ईथरनेट अडॅप्टर त्या दिवशी हाताशी हवा. परीक्षेच्या किंवा ऑनलाइन मुलाखतीच्या आदल्या रात्री अपडेट करू नका.

'सॉफ्टवेअर अपडेट'मध्ये ताहो, म्हणजे मॅकओएस 26, दिसू शकतं, कारण ओपनकोअरमुळे ॲपलच्या सर्व्हरला तुमचं मशीन चालण्याजोगं वाटतं. पॅचरची 2.x मालिका सिक्वोयापर्यंतच आहे. 'अपग्रेड'वर क्लिक करू नका. त्या शेजारी सिक्वोयाची छोटी सुरक्षा अपडेट्स वेगळी दाखवलेली असतात, 'आय' चिन्हावर क्लिक करून तेवढीच निवडा. ताहो हीच इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असेल असं ॲपलने जून 2025 मध्ये जाहीर केलं आहे.